डावा तळहात

सकाळी सात वाजता मी पूजेला बसलो. गळ्यातल्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. ते पडलं. मी ते उजव्या हाताने उचललं. सव्वाअकरा वाजता मला दवाखान्यात नेलं.

मधल्या चार तासांबद्दल आधी लिहितो, कारण हे सगळं लिहायला बसण्याचं निम्मं कारण तेच आहे.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग जन्मभर अंगावर असतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडे बघत बसायचं, उजव्या हाताने पूजा करायची. माणूस गेला की त्याला बसवून मातीत ठेवतात, तेव्हाही त्याचं लिंग त्याच्याच डाव्या तळहातावर असतं. पन्नास वर्षांत माझ्या हातून ते कधी पडलं नव्हतं. त्यामुळे त्या सकाळी लिंग पडलं एवढंच माझ्या ध्यानात आलं. हात गेला आहे, हे आलं नाही.

मी परत आंघोळ केली. सदऱ्याची बटणं लागेनात, तसाच राहिलो. लातूरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो; काही अडलं की कपाटाकडे जायची सवय. लिंग पडलं तर काय करावं हे शोधायला मी चार पुस्तकं काढली. ओळींची सुरुवात सापडत नव्हती. प्रत्येक ओळ मधूनच सुरू झाल्यासारखी वाटत होती. छपाई वाईट आहे असं मनात म्हणालो आणि दुसरं पुस्तक घेतलं. घरात सांगायला कोणी नव्हतं. महानंदा, माझी बायको, जाऊन सात महिने झाले होते.

अकराच्या सुमारास मी आमच्या स्वामींना फोन केला. आमच्या घरची सगळी कार्यं तेच करतात.

"ग्रंथपाल, जीभ जड का येतेय तुमची?" ते म्हणाले.

"लिंग पडलं हो सकाळी."

"ते राहू द्या. आरशात तोंड बघा बरं."

"त्याला काय करायचं असतं ते सांगा आधी."

"तोंड बघा म्हणतोय ना मी!"

मी बघितलं. मग खुर्चीवर बसलो. स्वामींनी माझा फोन चालू ठेवला आणि दुसऱ्या फोनवरून शेजारच्यांना कळवलं. मला पाय टेकवता येत नव्हता, तेव्हा शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचललं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधी सुरू झालं?"

"सातला."

"मग आत्तापर्यंत काय करत होता?"

"पुस्तकं बघत होतो."

त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला ठरावीक वेळच असते, आणि तपासण्या होईपर्यंत ती टळून गेली. तेव्हा ज्याच्या हातातून वस्तू निसटली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड आलं, त्याने पडलेली वस्तू तिथेच राहू द्यावी आणि दवाखाना गाठावा. ती वस्तू कितीही पवित्र असो.

दोघांत एक माणूस

दवाखान्यात अकरा दिवस होतो. पहाटे साडेपाचला ताप बघायचे, सहाला फरशी पुसायचे, सातला चहा. सात वाजले की माझा उजवा हात गळ्याकडे जायचा आणि डबी चाचपून परत यायचा. लिंग उजव्या तळहातावर घेतलं तरी चालेल, असा स्वामींचा निरोप आला होता. मी ते मनावर घेतलं नाही.

शेजारच्या खाटेवर औशाकडचे तात्या होते. त्यांचा उजवा हात गेला होता, माझा डावा.

"सर, दोघं मिळून एक माणूस होतो बघा आपण," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "तुमी बिस्किटाचा पुडा धरा, मी फोडतो."

आम्ही तसाच पुडा फोडायचो. निम्मी बिस्किटं चादरीवर सांडायची.

"लई इचार करून राहिलात सर तुमी."

"नाही हो."

"न्हाई कसं? दोन दिस झाले, त्या मुठीकडंच बघून राहिलात. ती काय बोलणार हाय का?"

तात्या माझ्याआधी घरी गेले. जाताना त्यांनी माझी डावी मूठ आपल्या डाव्या हाताने हलवली, ओळख झाल्यावर हलवतात तशी.

मूठ म्हणालो, ते खरंच. पहिले काही दिवस हात सैल पडलेला होता. नंतर जीव येऊ लागला तो आवळूनच आला. कोपर वाकलं, मनगट वाकलं, अंगठा आत गेला आणि चार बोटं त्याच्यावर मिटली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी समजावलं की मेंदूकडून 'सोड' हा निरोप नीट पोचत नाही. ओढाल तेवढा हात जास्त आवळेल, घाबराल तेवढा जास्त. त्याला फसवू नका, त्याच्याशी भांडू नका.

मी भांडलो.

नांदेड

माझी एकुलती मुलगी गौरी नांदेडला राहते आणि विष्णुपुरीला कॉलेजात शिकवते. ती मला घेऊन गेली आणि तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडे न्यायला लागली. महानंदाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला तेव्हा साडेचार महिने होते. त्या दिवशी लातूरच्या घरी बसून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, असं मी ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

ठरवण्यामागे एक गोष्ट होती. महानंदाला मातीत ठेवलं तेव्हा तिच्या तळहातावर लिंग मी ठेवलं, वरून तिची बोटं मिटली, आणि तिची मूठ माझ्या मुठीत धरून बसलो. स्वामींचं म्हणून झालं, लोक थांबले, माझा हात सुटेना. शेवटी गौरीने माझं एकेक बोट सोडवलं. त्यानंतर आम्ही दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही. तिने जबरदस्ती केली असं मला वाटत होतं.

गौरी कामावर गेली की मी दार लावायचो, उजव्या हाताने डाव्याची बोटं उचकटायचो आणि त्यात लिंग ठेवायचो. बोटं सुटी होताच फट्‌कन मिटायची. मग भीती, की आता ते आत अडकलं. मग ओढाओढ, की पडेल. आणि या दोन्ही भीतींनी मूठ आणखी घट्ट. तळहातावर नखांचे चार अर्धगोल उमटले. एक दिवस त्यातून रक्त आलं आणि त्याच दिवशी गौरी लवकर घरी आली.

"काय चाललंय हे, अप्पा?"

"काही नाही. व्यायाम."

"मॅडमनी असा सांगितला?"

मी उजव्या हाताने डबी मिटली.

"मला हाक मारली असती तर?" ती कापूस शोधायला लागली. कपाटाचे तिन्ही कप्पे तिने उघडे टाकले. "आई आजारी होती तेव्हाही तुम्ही कुणाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. सगळं मी करतो, मी करतो. तिचं पाणीसुद्धा तुम्हीच. मी तिची कुणी नव्हते का? आता स्वतःच्या हातालाही कुणाला शिवू देत नाही!"

तिने जखम पुसली. मी हात मागे घेतला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही. त्या रात्री आम्ही वेगवेगळे जेवलो.

उस्ताद

गौरीच्या घरामागे मोकळं मैदान आहे. संध्याकाळी तिथे गतका शिकवतात. गतका म्हणजे शिखांची जुनी शस्त्रविद्या. शिकणाऱ्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्यात लहानशी ढाल. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बघत बसायचो. फक्त हात बघायचो. इतक्या वेगाने फिरणारी काठी त्यांच्या हातात नुसती टेकलेली दिसायची. धरलेली वाटतच नसे.

एकदा घरची बोअरची मोटार जळाली. ती काढायला जे आले तेच मैदानात गतका शिकवणारे उस्ताद निघाले. नाव करतारसिंग, वय सत्तरीच्या आसपास, पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचे. पोटापाण्याला मोटारींचं वाइंडिंग करतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून देतात. त्यांनी मोटार बघायच्या आधी माझी मूठ बघितली.

"सरजी, कोणावर उगारून राहिलात?"

"लकवा आहे."

"हौ, ते दिसतं. पण राग पण दिसतो."

मी सांगितलं की गतक्यावरचं एक पुस्तक मी मागवलं आहे. पंधरा पानं टिपणंही काढली आहेत. उस्ताद मोठ्याने हसले. "पुस्तकात काठी लई छान फिरते सरजी. पडतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मैदानात बोलावलं. मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी अटी घातल्या. औषधं आणि ठरलेले व्यायाम चालूच राहतील, थकवा वाटला की बसायचं, डाव्या खांद्याला हिसका बसता कामा नये, आणि कुणाची काठी माझ्यावर येणार नाही. उस्ताद म्हणाले, "यांच्यावर कोण काठी उचलणार? हे स्वतःवरच उचलून बसलेत."

तीन आठवडे त्यांनी मला काठी दिलीच नाही. पैंतरा, म्हणजे पावलं टाकायची ठरलेली चाल, तेवढीच. मागे गौरी कमरेच्या पट्ट्याला धरून. शिकणाऱ्या मुली शेजारून वाऱ्यासारख्या फिरायच्या आणि मी एका पावलावर उभा राहून दुसऱ्याची वाट बघायचो.

"खांदा कानाला का लावला?" उस्ताद विचारायचे. "काय ऐकून राहिलात? सोडा. जबडा सोडा. पोट सोडा. हाताचं नाव घेऊ नका आज."

चौथ्या आठवड्यात काठी मिळाली, तीही चांगल्या हातात. मी ती धरली.

"सरजी, काठी हाय ती, चोर न्हाई. इतकी घट्ट कशाला धरून राहिलात? आज धरायचं शिकायचंच न्हाई. पाडायची."

"पाडायची?"

"हौ. हात हलवायचा, बोटं विसरायची, पडेल तेव्हा पडेल."

मला ते जमेना. उजवा हात, धडधाकट, जन्मभर पुस्तकं झेललेला; तो काठी पाडायला तयार होईना. डाव्याचा दोष मी मेंदूतल्या गुठळीवर टाकत होतो. उजव्यात तर काही बिघाड नव्हता. आवळून धरणं आजाराच्याही आधीपासून माझ्यात होतं, हे मला त्या मैदानात कळलं. चांगलं वाटलं नाही.

गतका सुरू करण्याआधी ते लोक शस्त्रांपुढे माथा टेकवतात. मी उस्तादांना विचारलं, "तुम्ही शस्त्राला नमस्कार करता. मग ते मातीत कसं पडू देता?"

उस्ताद काठीची धूळ बोटाने पुसत होते.

"पडू देत न्हाई सरजी. पडतंच. चाळीस साल झाले, माझ्या हातून पण पडतं. उचलतो, कपाळाला लावतो, परत धरतो. पडलं म्हणून ते रागावत न्हाई. आपणच रागावतो. रागावलेल्या हातात काय राहतंय?"

मी घरी येऊन ते लिहून ठेवलं नाही. पुस्तकी माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

सोडण्याचे दिवस

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच काम. डाव्या मुठीत काठीचं टोक सरकवायचं, कोपराखाली उजव्या हाताचा आधार द्यायचा, आणि हात खांद्यातून पाळण्यासारखा हळू हलवायचा. मुठीकडे बघायचं नाही. उस्ताद मोटारींच्या गोष्टी सांगायचे. तांब्याची तार ओढून गुंडाळली की तुटते, ढिली सोडली की गुंता होतो. हाताला दोन्हींच्या मधलं कळायला त्यांची सहा वर्षं गेली म्हणे. ऐकता ऐकता कधीतरी काठी पडायची. मातीत टप्प असा आवाज यायचा. मुली टाळ्या वाजवायच्या. "सरजी, पाडली!"

काही दिवस पडायचीच नाही. पाऊण तास हलवून मी मूठ तशीच घेऊन परत यायचो. त्या दिवशी रडू यायचं. आठवड्यातले दोन दिवस तरी असे असायचे, आणि शेवटपर्यंत राहिले. सुधारणा जिन्यासारखी पायरी पायरीने वर जाते असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगून ठेवतो, तसं होत नाही. पण मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. पूर्वीचा हट्ट तोच होता, फक्त आता तो रोज मैदानात जाण्यापुरता ठेवला होता. हाताला त्याची झळ लागू द्यायची नाही.

दोन महिन्यांनी मॅडमनी बोटं मोजली. तर्जनी आणि मधलं बोट सरळ होत होती, अनामिका निम्मी. अंगठा बाहेर आला होता. त्या म्हणाल्या, गतक्याने हात उघडला असं मी लिहून देणार नाही, व्यायाम आणि औषधंही आहेतच. मी म्हणालो, मीही कुणाला तसं सांगणार नाही. इथेही सांगत नाही. मला गतक्याने घाई न करायला शिकवलं, एवढं सांगतो.

काठी पाडायला जमू लागली होती. लिंग मात्र डबीतच होतं. काठी पडली तर चालतं. ते पडलेलं मला चालणार नव्हतं. डबीला हात लावला की मूठ आपोआप मिटायची. हे मी उस्तादांना सांगितलं.

ते म्हणाले, "त्यातलं मला कळत न्हाई सरजी. तुमच्या घरात कुणाला कळत असंल त्याला विचारा."

घरात गौरीच होती. तिला विचारायला मला आणखी बारा दिवस लागले.

ती पोळ्या लाटत होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. पुण्यस्मरणाचा बेत, उचकटलेली बोटं, त्या सकाळी लिंग पडलं ते, आणि मातीत तिने माझी बोटं सोडवली तेही. पोळी तव्यावर करपली.

"मला वाटत होतं, तुम्हाला माझा राग आलाय त्याचा," ती म्हणाली.

"आला होता."

"मी ओढली नव्हती अप्पा बोटं. नुसता हात लावला होता. तुमचीच सुटली."

मला ते वेगळं आठवत होतं. पण तिथे तीच शुद्धीवर होती.

पुण्यस्मरण

लातूरला नातेवाईक जमले होते. स्वामींनी चौरंगापाशी आसन घातलं. मी खुर्चीवर बसलो, कारण अजून मांडी घालता येत नाही. डबी उघडली आणि मूठ मिटली.

सगळे बघत होते. महानंदाचे थोरले भाऊ घड्याळाकडे बघत म्हणाले, "दाजी, उजव्यावर घ्या की. स्वामी चालेल म्हणालेत. स्वयंपाक निवून जाईल."

"थांबू थोडं," स्वामी म्हणाले.

"किती थांबायचं?"

"भूक लागली असेल तर तुम्ही बसा पानावर. ग्रंथपालांना पुस्तक शोधायला वेळ लागतो."

कुणीतरी हसलं. मीही हसलो, आणि जबडा सुटला. मग खांदा कानापासून खाली आणला. मनगट गुडघ्यावर टेकवून मूठ पुढे मोकळी ठेवली आणि तिच्याकडे बघणं सोडलं. महानंदाच्या फोटोकडे बघितलं. मूठ आतून हळूहळू सैल होत होती, पण लिंग पडण्याची भीती तशीच होती.

गौरी खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. तिने आपला तळहात माझ्या मुठीखाली उघडा धरला. माझ्या हाताला लावला नाही, दोन बोटं खाली ठेवला.

"अप्पा, पडलं तर माझ्या हातात पडेल."

किती वेळ गेला मला माहीत नाही. नंतर भाऊ म्हणाले, भात खरंच निवला. तर्जनी उघडली, मग मधलं बोट, मग अनामिका जेवढी उघडते तेवढी. स्वामींनी तळहाताला विभूती लावली. नखांच्या जुन्या खुणांत ती पांढरी बसली. मी उजव्या हाताने लिंग घेऊन डाव्यावर ठेवलं. ते हललं. मी बोटं मिटली नाहीत. ते थांबलं.

पूजा पूर्ण झाली. गौरीचा हात शेवटपर्यंत खाली होता. ते पडलं नाही.

आता

डावी करंगळी उघडत नाही, उघडेल असं मॅडमना वाटत नाही. अनामिका निम्मी उघडते. पिशवी धरता येत नाही, बटणं उजव्या हाताने लावतो. मी लातूरला परत आलो आहे. महिन्यातून आठ दिवस नांदेडला जातो आणि त्या संध्याकाळी मैदानात असतो. गौरी रोज सकाळी सातच्या आत फोन करते.

सातला मी पूजेला बसतो. लिंग डाव्या तळहातावर घेतो. खाली मांडीवर उशी असते. पुण्यस्मरणानंतर ते दोनदा पडलं. दोन्ही वेळा उचललं, कपाळाला लावलं आणि परत हातावर घेतलं.